कुडा म्हणजे नक्की कोणता? एका नावाची अनेक रानझाडं

म्हादईकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं घर गोव्यात सत्तरीत, वाळपईहून थोडं आत. गेल्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक उघडली तर आजीची वही सापडली. आजी जाऊन अठरा वर्षं झाली. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्यात, शाई चहासारखी फिकी झालीय, पण अक्षर लागतं. नारळांचे हिशेब, ओव्या, आणि मधेच औषधं. एका पानावर लिहिलंय, "रक्ती आंवेवर कुड्याची साल ताकांत उगाळून देणे. मुलास वालभर."

आता पेच असा, की आमच्या भोवती कुडा म्हणवणारी तीन झाडं आहेत. एक गोठ्यामागे, एक व्हाळापलीकडे म्हणजे ओढ्यापलीकडे, आणि तिसरं देवराईच्या वाटेवर. तिसऱ्याला कोणी नागलकुडो म्हणतात, कोणी नुसतंच कुडो. तिन्हींना चीक, तिन्हींना पांढरी फुलं, तिन्हींची फळं जोडीने. आईला विचारलं तर म्हणाली, "कुडो म्हळ्यार कुडो. आनीक कितें?" शेजारचे काका व्हाळापलीकडे बोट दाखवतात, काकी गोठ्यामागे.

मला औषध करायचं नाही, हे आधीच सांगतो. वही स्वच्छ उतरवून काढतोय आणि प्रत्येक झाडापुढे त्याच झाडाचा फोटो लावायचाय. चुकीचा लावला तर आजीच्या नावावर भलतंच खपेल, याची भीती वाटते. तिच्या मनात कोणतं झाड होतं, हे कसं शोधावं? तुमच्याकडेही एका नावाची अशी वेगवेगळी झाडं असतील, तीही लिहा.

सुशेगाद

फोटो टाका भाऊ. साल, शेंगा, पानं. आणि शेंगेशेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे लांबी कळेल.

म्हादईकाठ

पौष चाललाय, पानं बरीच गळलीत. शेंगा मात्र लोंबतायत. शनिवारी गावी जातोय, तेव्हा टाकतो.

रानवाट

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमर गेली. मुलांना घेऊन म्हादईच्या आणि नेत्रावळीच्या रानात इतक्यांदा गेलो, की कुड्याचा प्रश्न मला नवा नाही.

कुडा हे नाव आपल्याकडे निदान चार झाडांना आहे. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. संस्कृतातला कुटज तो हाच, आणि त्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, त्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात. त्याच्या पाल्यातून निळा रंग निघतो, शास्त्रीय नावातलं टिंक्टोरिया त्यावरूनच आलं. चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी त्याच्याच पांढऱ्या लाकडाची. तांबडा कुडा म्हणजे राइटिया आर्बोरिया, पानं मखमलीसारखी आणि चीक पिवळा. आणि तुमचा नागलकुडो म्हणजे टॅबर्नेमोंटाना अल्टर्निफोलिया. त्याची फुलं तगरीसारखी, फळं होडीच्या आकाराची आणि पिकली की नारिंगी. चतुर्थीला माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीत, बांधतात ती.

चारही एकाच कुळातली, कण्हेर-तगरीच्या. म्हणून गावच्या माणसाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चीक, समोरासमोर पानं, पांढरी फुलं, जोडफळं एवढं पाहून त्याने घराणं बरोबर ओळखलं आणि घराण्याला एकच आडनाव दिलं. त्यातला नेमका कोण, हे तो पांढरा, काळा, तांबडा, नागल असं पुढे जोडून सांगायचा. आपण शहरात आलो आणि पुढचं विशेषण गळालं.

तुमच्या वहीतली साल बहुधा पांढऱ्या कुड्याची. पण बहुधा म्हणून फोटो लावू नये. शेंगा पाहू, मग बोलू.

फोंड्याची सून

माझं माहेर यवतमाळचं. लग्न होऊन फोंड्याला आले त्या पहिल्या चतुर्थीची गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, बाजारातून आंबाडे आण, सासव करायचंय. मला अंबाडी म्हटलं की ती आंबट पालेभाजी. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात, वर लसणाची फोडणी. मी अख्खा बाजार पालेभाज्यांच्या बायकांमध्ये फिरले. प्रत्येकीला विचारलं, प्रत्येकीने पलीकडे हात केला. शेवटी एका आजीने माझा हात धरून हिरव्या, कैरीएवढ्या लहान फळांच्या ढिगापाशी नेलं आणि म्हणाली, "हे पळय, बाय."

अंबाडी भेंडीच्या कुळातली, अंगणात पेरायची. आंबाडा आंब्याच्या कुळातला, मोठं झाड. आंबट हेच काय ते नातं. आता गुळाचं, मोहरी वाटून केलेलं आंबाड्याचं सासव मीच करते, आणि माहेरून आणलेलं अंबाडीचं बी परसात पेरते. घरात दोन्ही आहेत, पण कोणी नुसतं आंबाडं म्हटलं की मी अजून थांबते आणि विचारते, झाडाचं की वाफ्यातलं?

कराडकर

ताई, मला गोव्यातल्या मित्राने "तेऱ्याची भाजी खायला ये" म्हणून बोलावलं होतं. मला वाटलं तेरडा! तेरड्याची भाजी कोण खातं, असा विचार करत गेलो. ताटात रानअळू निघालं, बिया-आठळ्या घातलेलं. तीनदा मागून घेतलं.

फोंड्याची सून

तेरें वेगळं, तेरडा वेगळा, आणि इथे तेरड्याला चिड्डो म्हणतात. अळूचंही तसंच आहे हो. पानांचं अळू सगळ्यांना माहीत. पण आळू नावाचं काटेरी झाडही आहे, त्याची गोल, तपकिरी, आंबटगोड फळं मुलं खातात.

रानवाट

मेना लॅक्सिफ्लोरा. कॉफीच्या कुळातलं. अळूच्या पानाशी काडीचा संबंध नाही.

मांडवी

मसाल्यातलं एक. आमच्याकडे मुंबईची पाहुणी आली होती. बांगड्याच्या हुमणात तेफळ, म्हणजे तिरफळ, घालतात असं मी फोनवर सांगितलं होतं. तिने परत जाऊन करून पाहिलं आणि फोन केला, "कडू-तुरट झालं गं." तिच्या दुकानदाराने तिरफळ म्हटल्यावर त्रिफळा चूर्ण दिलं होतं! हिरडा, बेहडा, आवळा घातलेला बांगडा. मी पुढच्या गाडीने अर्धा किलो तेफळं पाठवली. आणि बी काढून टाक, साल तेवढी घाल, हेही लिहून पाठवलं.

डिचोलीचा वैद्य

स्वयंपाकघरातली चूक एका जेवणापुरती असते. औषधातल्या चुकीबद्दल बोलतो, थोडं लांबेल.

माझ्याकडे लोक ब्राह्मी घेऊन येतात. दहातले निम्मे मंडूकपर्णी आणतात, म्हणजे सेंटेला. जमिनीवर पसरणारी, बेडकाच्या पायासारखं गोल पान. मराठीत कारिवणा. उरलेले बाकोपा आणतात, जाड बारीक पानांची, ओहोळाकडेला वाढणारी, फिकट जांभळ्या फुलांची. ग्रंथांत दोन्ही बुद्धिवर्धक, म्हणून दोन्हींना ब्राह्मी म्हणायची रीत पडली. पण कुळं वेगळी, घटकही वेगळे.

शंखपुष्पीचं याहून अवघड आहे. कुठे कॉन्व्हॉल्वुलस, कुठे आपल्या माळावरची निळी विष्णुक्रांता, कुठे चक्क गोकर्ण, कुठे कॅन्स्कोरा. चारही शंखपुष्पी म्हणून विकल्या जातात.

आणि गुळवेल. इथे अमृतवेल म्हणतात. कोविडच्या काळात लोकांनी कुंपणावर दिसेल ती वेल तोडून काढे केले. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने म्हटलं की तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी, ती घेतली गेली असू शकते. त्यावर पुष्कळ वाद झाला, तो इथे नको. पण हे लक्षात ठेवा, की क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे गाठीच गाठी असतात आणि फुलाला तीन पाकळ्या. आपल्या गुळवेलीच्या फुलाला सहा. खोडाची कागदासारखी पातळ साल सुटते, आत हिरवं दिसतं. आणि एवढं ओळखता आलं तरी काढा स्वतःच्या मनाने घेऊ नका.

म्हादईकाठ, तुम्ही औषध करणार नाही म्हणालात, बरं वाटलं.

काणकोणकार

वैद्यबुवा, अमृतवेल म्हटलं की लोक अमरवेल ऐकतात, ती आणखी वेगळीच. आणि अमरवेलही एक नाही! आमच्या किनाऱ्यावर वाळूतल्या झुडपांवर पिवळसर-हिरव्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं असतं. सगळे अमरवेल म्हणतात, मीही म्हणायचो. एकदा दोरी तोडून चुरगळली तर हलका मसाल्याचा वास आला. मग चौकशी केली. ती कॅसिथा, दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली. आतल्या भागात कुंपणावर पिवळी धमक पसरते ती कस्कुटा, रताळ्याच्या कुळातली. दोघींना पानं नाहीत म्हणावं इतकी बारीक, दोघी दुसऱ्या झाडात सोंड खुपसून रस पितात. एकाच धंद्यात पडल्या म्हणून दिसायलाही एकसारख्या झाल्या.

पेडणेकरीण

वाघनखीबद्दल लिहायलाच हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

माझ्या आजोळी दाराच्या चौकटीवर एक सुकलेलं फळ टांगलेलं असायचं. काळं, कठीण, टोकाला दोन वाकडे आकडे. आम्ही मुलं ते बोटाला अडकवून एकमेकांना ओरबाडायचो. आकडा फ्रॉकच्या कापडात गेला की सुटता सुटत नसे, सोडवायला आजीला सुईच घ्यावी लागे. गायीच्या शेपटीला तीच फळं लटकून गोठ्यात यायची. ही वाघनखी म्हणजे मार्टिनिया, मूळची मेक्सिकोकडची, विंचवीही म्हणतात.

आणि कळलावीलाही वाघनखी म्हणतात! तीच ती, श्रावणात कुंपणावर चढणारी, पानाच्या टोकाने आधार पकडणारी, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं वर वळलेली. तिच्या अख्ख्या अंगात, कंदात तर सर्वांत जास्त, कोल्चिसिन असतं. थोडा कंद पोटात गेला तरी माणूस दगावतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवलं, वाघनखीचं फळ तेलात उकळून केसांना लावा. वर फोटो कळलावीचा. माझ्या वहिनीने परसातून कळलावी उपटून आणली होती, कंदासकट. मी त्या दिवशी योगायोगाने तिथे होते. हातातून काढून घेतली, तिचे हात साबणाने धुवायला लावले. कळलावी कोणती आणि विंचवी कोणती, हे त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळ्यांना फोटो टाकून दाखवलं. तरी तो मेसेज वर्षातून दोनदा फिरून येतोच.

सुशेगाद

बापरे. वहिनी बऱ्या आहेत ना?

पेडणेकरीण

बऱ्या आहेत, देवाची कृपा. नुसतं हाताळलं होतं.

डोंगरवारा

वरचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. लोकनावांचं कौतुक पुरे करावं. एका नावाची चार झाडं आणि त्यातलं एक विषारी, हा जपायचा वारसा नव्हे. शाळेपासून शास्त्रीय नावं शिकवा. झाड एक, नाव एक, विषय संपला.

अंत्रुजी

डोंगरवारा, माझी सासू ऐंशी वर्षांची. माटोळी बांधताना एका फळाची गल्लत तिच्याकडून होत नाही. तिला शास्त्रीय नाव एकही येत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत फोंड्याच्या माटोळी बाजारात येऊन बघा. रानातल्या बायका टोपल्या घेऊन बसतात. कांगलां, माट्टीची फळं, घागऱ्या, नागलकुडे, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस, तोरिंग. केवणीच्या दोराने सगळं लाकडी चौकटीला बांधायचं. कवंडळ म्हणजे लालभडक, हातात मावणारं, चकाकतं. भावाने पुण्यात कवंडळ मागितलं तर त्याला कडू इंद्रावण दिलं, वाळवंटातलं, टरबुजासारखं पट्ट्यांचं. तेही कवंडळच. तिथल्या माणसासाठी तेच खरं. सासूने पाहिलं आणि म्हणाली, "हें खंयचें?" तिला नाव ऐकून झाड ठरवायची सवयच नाही. ती देठ बघते, वास घेते, कोणत्या डोंगरावरून आणलं ते विचारते.

नाव गावात वापरायला केलेलं. ते नाव गावाबाहेर एकटंच पाठवलं तर हरवणारच.

डोंगरवारा

तुमच्या सासूबाईंबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्यासारख्या किती उरल्या? उद्या त्या नसतील तेव्हा नुसतं नावच उरेल, आणि नाव फसवं आहे. म्हादईकाठच्या वहीत तेच तर झालंय.

अंत्रुजी

हे मात्र खरं बोललात.

जुनी पानं

शास्त्रीय नावंही सरळ चाललेली नाहीत, आणि कुडाच त्याचा पुरावा आहे. लिनियसने १७५३ साली एका झाडाला आव थांबवणारं या अर्थाचं विशेषण दिलं, अँटिडिसेंटेरिकम. ते मुळात श्रीलंकेतल्या एका राइटियाचं. पुढे तेच विशेषण आपल्या पांढऱ्या कुड्याला चिकटलं, आणि औषधांच्या कित्येक बाटल्यांवर आजही होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका असंच असतं. साल युरोपात कोनेसी नावाने जायची. तिच्यात राइटियाची साल मिसळली जाऊ लागली, गुण येईना, आणि तिचं नाव खराब झालं. म्हणजे आपला कुड्याचा घोळ जहाजात बसून पार तिकडे पोचला होता.

आपल्याकडे भेद माहीत नव्हता असंही नाही. चरकाने कल्पस्थानात कुटजाचे दोन प्रकार सांगितलेत. मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, तुकतुकीत पानांचा तो पुरुष. सावळी, तांबूस फुलांची, लहान फळांची ती स्त्री.

आणखी एक गोष्ट सांगतो, गोव्याशी जवळची आहे म्हणून. मलबारच्या डच गव्हर्नराने झाडांवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, हॉर्टुस मलाबारिकुस, १६७८ ते १६९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेला. त्यासाठी झाडं ओळखून देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता आणि तीन कोकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. त्यांचं २० एप्रिल १६७५ चं नागरी लिपीतलं कोकणी पत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. झाडाच्या चित्रावर नाव एक नाही, वेगवेगळ्या लिपींत लिहिलेली नावं आहेत. कुडाही त्यात आहे, कोडगपाल म्हणून. नावांवर विसंबून चालणार नाही हे त्यांना कळलं होतं, म्हणून पानभर चित्र काढलं. म्हादईकाठ, तुम्ही वहीत फोटो लावताय ते त्याच चालीचं काम आहे. नेटाने करा.

मांडवी

विषयांतर होतंय, पण चाफ्याचं कोणी बोललंच नाही! सोनचाफा एका कुळातला, देवळापुढचा देवचाफा कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिकेतला, नागचाफा तिसराच, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आणि भुईचाफा तर हळदीचा भाऊ. सगळे चाफे. वास आला की चाफा!

काणकोणकार

आणि रानतुळस. कोणी मोठ्या पानांच्या खऱ्या तुळशीच्या बहिणीला म्हणतात, कोणी रस्त्याकडेला माजलेल्या त्या बाहेरून आलेल्या हिप्टिसला. दुसरीने आमचे माळ व्यापलेत. तुळस म्हटल्यामुळे उपटायला लोकांचा हात धजत नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

सांग्याची बाय

भाजीच्या कुड्याबद्दल. पावसाच्या तोंडाला आम्ही कुड्याची फुलं खुडून आणतो, उकडून पाणी पिळून टाकतो आणि मुगाच्या डाळीत खोबरं घालून करतो. नवी भावजय हौसेने टोपलीभर फुलं घेऊन आली. आईने टोपलीत हात घातला, एक फूल बोटांवर फिरवलं आणि सगळी परसात ओतली. नागलकुड्याची होती. भावजयीला रडू आलं, पावसात भिजून आणलेली. आईने तिला जवळ बसवून दोन फुलं शेजारी ठेवली. एकाच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला पिळलेल्या, तगरीगत. दुसरं सरळ, आणि झुबक्याने येणारं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन, तिथेच शिकले. दुसऱ्या दिवशी भावजय बरोबर फुलं घेऊन आली.

सुशेगाद

शनिवार गेला, रविवारही गेला. म्हादईकाठ, काडेपेटी सापडली का?

म्हादईकाठ

सापडली. गावी रेंज नव्हती, आज वाळपईला आलो तेव्हा सगळं वाचलं. पेडणेकरीण ताई, तुमची गोष्ट आईला वाचून दाखवली, ती हादरली.

आता कामाचं. फोटो जोडलेत, पण शब्दांतही सांगतो.

देवराईच्या वाटेवरचं झाड सोडून दिलं, ते नागलकुडोच. खाली माटोळीतल्यासारखी वाळलेली होडी पडली होती.

व्हाळापलीकडचं: बारीक लांब शेंगांच्या जोड्या. बहुतेक सुटलेल्या, पण एका जोडीची टोकं अजून एकमेकांना चिकटलेली, चिमट्यासारखी.

गोठ्यामागचं: शेंगा काडेपेटीच्या सहापट लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक. देठापासूनच दोघी मोकळ्या. काही तडकल्यात आणि तपकिरी केसांचं बी वाऱ्यावर गोठ्यात येतं.

रानवाट

फोटो छान आहेत. एक तपासा. तडकलेल्या शेंगेत बी अजून जागेवर असेल तर केसांचा झुपका कोणत्या बाजूला आहे? शेंगेच्या टोकाकडे, की देठाकडे?

म्हादईकाठ

भावाला फोन करून बघायला लावलं. गोठ्यामागच्याचा टोकाकडे. व्हाळापलीकडच्याचा देठाकडे, आणि केस पांढरे.

रानवाट

मग गोठ्यामागचा पांढरा कुडा, होलॅऱ्हेना. व्हाळापलीकडचा काळा कुडा, राइटिया. टोकाशी चिकटलेली जोडी हीच त्याची खूण. म्हणजे तुमचे काका आणि काकी दोघंही कुडाच दाखवत होते.

डोंगरवारा

झाडं ओळखली, उत्तम. पण आजींनी त्यातलं कोणतं वापरलं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पांढरा औषधी आहे म्हणून त्यांनी पांढराच वापरला असेल, हा आपला तर्क.

डिचोलीचा वैद्य

मुद्दा रास्त आहे. वहीत चवीचा काही उल्लेख आहे का? बियांचा? साल घेणारा माणूस झाडावर खूण ठेवतोच. खोड नीट बघा.

रानवाट

वैद्यांनी बरोबर सांगितलं. आणि खोडावरची खूण झाड वाढलं तरी वर सरकत नाही, ज्या उंचीवर केली तिथेच राहते. आजींच्या हाताच्या उंचीवर शोधा.

म्हादईकाठ

काल मुद्दाम परत गेलो. लिहिताना अजून हात थरथरतोय.

व्हाळापलीकडच्या झाडाचं खोड चारही बाजूंनी पाहिलं. साल गुळगुळीत, कुठे घाव नाही.

गोठ्यामागच्या झाडाला वर्षानुवर्षं शेणाचा सडा उडतो, त्यावर शेवाळ. ओल्या पोत्याने पुसलं. उजेडाच्या बाजूला, माझ्या कमरेच्या जरा वर, उभा चौकोन निघाला, वीतभर लांब, चार बोटं रुंद. चारी कडांची साल ओठासारखी आत वळून भरत आलीय, मधे बोटभर फटीत राखाडी लाकूड दिसतं. त्याच्या डावीकडे दुसरा, पूर्ण भरलेला, नुसता वण. खाली तिसरा. एकाही ठिकाणी घाव खोडाभोवती फिरवलेला नाही, दरवेळी एकच पट्टी आणि शेजारची साल राखलेली.

आई काठी टेकत आली. ती गेली दोन वर्षं गोठ्यामागे जात नव्हती, गुडघ्यांमुळे. तिने वणावर तळहात ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही. मग मी तडकलेल्या शेंगेतलं एक बी तिला दाखवलं. तिने दाताने कण तोडला आणि थुंकला. तोंड वाकडं झालं तिचं, आणि हसायला लागली. म्हणाली, "हेंच. लग्न करून आयलें त्या वर्सा म्हाका दिल्लें तुज्या आजयेन. तीन दीस तोंडाची चव गेल्ली."

पहिल्याच दिवशी तिला झाडापाशी न्यायला हवं होतं. मी घरात बसून नाव विचारत होतो.

फोटो लावलाय. खाली लिहिलंय: पांढरा कुडा, गोठ्यामागचा, बी कडू, शेंगा देठापासून मोकळ्या. सगळ्यांचे मनापासून आभार.

सांग्याची बाय

वाचून डोळे भरले. आईंना नमस्कार सांगा.

अंत्रुजी

सासूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, झाडाला सांग, आता कोणी साल काढू नका म्हणावं, म्हातारं झालंय.

म्हादईकाठ

सांगतो. बी गोळा केलंय, मृगात पिशव्यांत लावणार आहे. कोणाला रोप हवं असेल तर कळवा.

आणि पुढच्या पानावर आजीने पाषाणभेद लिहिलंय. त्या नावाची आमच्याकडे दोन आहेत. एक दगडात उगवतं, एक कुंडीत, पानातून रोप फुटणारं.

सुशेगाद

फोटो टाका. आणि या वेळी आईंना आधी घेऊन जा.